सुयांवर रुसलेल्या काकू

करोल बागेतल्या आमच्या घरमालकीण काकूंनी माझा जेवढा छळ केला तेवढा सासरीही कुणी केला नाही, आणि तोही नुसत्या लोकरीने! मी आठवीतून शाळा सोडलेली, लग्न होऊन साताऱ्याहून दिल्लीत आलेली, दारावरची घंटा वाजली तरी दचकणारी. काकू सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या आणि आयुष्यभर सुयांवर रुसलेल्या. "विणायला सुया कशाला? देवाने बोटं काय दुसऱ्याकडे दाखवायला दिलीत?" असं त्या माझ्याकडे बोट दाखवून विचारत. पानिपतहून पोत्याने लोकर आणत. माझ्या डाव्या हाताच्या चार बोटांत ती खालून-वरून गुंफायची, पुन्हा एक फेरा, मग खालचा टाका उचलून बोटामागे टाकायचा. पाच वर्षांच्या पोराला जमतं, हे मला रोज ऐकवायचं. बरं, बोटांवर लोकर चढली की माणूस उठणार कसा? दूध उतू गेलं तरी काकू ढिम्म. "दूध पुसता येतं गं!" आणि एक टाका चुकला की हातभर विणलेला पट्टा सर्रकन उसवून, "चलो, पुन्हा!" हिंदूराव हॉस्पिटलात डॉक्टरांनी नाडी बघायला माझा हात मागितला, तर काकू म्हणाल्या, "दूसरा लीजिए, इस पर काम चालू है."

पुढे शेजारच्या गल्लीतल्या बालवाडीला हस्तकला शिकवणारी बाई हवी होती. मला ती नोकरी हवी होती, पण अर्जातला शिक्षणाचा रकाना मी कोराच सोडला. काकू न बोलावता माझ्याबरोबर आल्या आणि तिथल्या मुख्य बाईंना म्हणाल्या, "मॅडम, सर्टिफिकेट बाद में. पहले इसके हाथ देखिए." मी तिथेच बोटांवर लोकर चढवली. मधल्या बोटावरचा टाका निसटला. मॅडमना कळलं नाही. काकूंनी पाहिलं. आता सगळं उसवणार म्हणून मी डोळे मिटले. पण त्यांनी नेमका तिथेच पट्ट्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बढ़िया है ना?"

परतताना मला राहवेना. "काकू, टाका सुटला होता हो."

"मला डोळे नाहीत? घरी जाऊन उसव तो आधी!"

नोकरी लागली. काकू मुलाकडे बंगलोरला गेल्या, त्यालाही वर्षं झाली. तो पट्टा मी अजून उसवलेला नाही. कळलं तर ओरडायला तरी येतील.