सोडलं, घेतलं

गुणवंत सुर्व्यांचं लग्न फोनवर लागलं, अशी कुजबुज मध्यंतरी शारजापासून दुबईच्या इंटरनॅशनल सिटीपर्यंतच्या सगळ्या मराठी घरांतून फिरत होती. जिथे पोचली तिथे प्रत्येकाने तिच्यात आपल्या पदरचं काहीतरी घातलं. कुणी म्हणालं, बाई विदर्भातली आहे. कुणी म्हणालं, उम्म अल कुवैनला खाडीकाठी फ्लॅट घेऊन ठेवलाय तिला. फ्लॅटच्या बाल्कनीत झोपाळा आहे, झोपाळ्याला पितळी कड्या आहेत, इथपर्यंत बातमी गेली. सुर्वे स्वतः दोन माणसांबरोबर एक खोली वाटून राहायचे आणि दोरीवर बनियन वाळत घालायलाही त्यांना जागा पुरत नव्हती, हे आठवण्याची तसदी कुणी घेतली नाही. मजा गेली असती ना!

कुजबुजीचा उगम नोमान परकार. दाभोळचा माणूस, शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या सुर्व्यांच्याच औषध कंपनीच्या दाराशी रिसेप्शनवर बसायचा. मराठी त्याला घरची, आणि कान तर आणखीच तयार. एका शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाहून तो जरा लवकर परतला. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. सर्व्हर रूमच्या दारातून सुर्व्यांचा आवाज आला, "मी सोडलं."

फोनमधून बाईचा आवाज, "तुम्ही सोडलं. मी घेते."

"घ्या."

"मी घेतलं. आता माझ्याकडे."

"आता तुमच्याकडे."

आणि मग दोघंही हसली. नोमानने चहाच्या वेळी कपात साखर ढवळत एवढंच म्हटलं, "आमच्यात बुवा तीनदा 'कबूल' म्हणतात, तुमच्यात सात पावलं चालतात. ही सुर्व्यांनी कुठली नवी पद्धत काढली, खुदा जाणे." पुढचं काम लोकांनी केलं.

प्रकरण होतं ते नोकरीचं. कोणतं औषध कोणत्या गोदामात, कुठल्या हॉस्पिटलला काय जायचंय, हे सगळं कंपनीच्या एका डेटाबेसमध्ये होतं आणि तो शारजाला होता. त्याची हुबेहूब जोडी उम्म अल कुवैनच्या गोदामात. इथे अक्षर पडलं की पुढच्या क्षणाला तिथे उमटायचं. शारजाचं यंत्र बिघडलं, किंवा दुरुस्तीसाठी मुद्दाम थांबवायचं ठरलं, की कारभार उम्म अल कुवैनने उचलायचा, आणि काउंटरवरच्या फार्मासिस्टला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. भीती एकच. दोन्ही यंत्रांनी एकाच वेळी 'मीच मालक' म्हटलं तर इन्सुलिनचा एकच खोका दोन ठिकाणी विकला जातो, आणि मग खरं कोणाचं हे नंतर ब्रह्मदेवालाही ठरवता येत नाही. म्हणून आधी एकाने सोडायचं, मग दुसऱ्याने घ्यायचं. दोघांनी मोठ्याने बोलायचं, समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं, आणि मगच बटण दाबायचं.

शारजाचं यंत्र सुर्व्यांच्या हाती, उम्म अल कुवैनचं उर्मिला डहाक्यांच्या. बाई वर्ध्याच्या. नवरा गेल्यावर इकडे आलेल्या. बोलायची वाक्यं आधी इंग्रजीत होती. पहिल्याच खेपेला त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, हे काय लावून राहिले तुम्ही? सोडलं-घेतलं म्हणा ना सरळ. आपल्या दोघांत इंग्रज कोण आहे?"

सुर्वे देवरुखचे, शब्द मोजून बोलणारे. त्या दिवशी खोलीवर गेल्यावर डाळीला फोडणी देताना ते एकटेच हसले. बरोबरच्या माणसांनी विचारलं तर म्हणाले, "मोहरी उडाली."

आता आडकाठी कुठे होती ते ऐका. आयटीचा प्रमुख सिद्धांत, पुण्याचा, वयाने लहान आणि नियमांचा मोठा शौकीन. सुर्वे येण्याच्या आधी एका रमजानात दोन्ही यंत्रांचे सांभाळणारे एकाच इफ्तारला जेवायला बसले, फोन कोटाच्या खिशात राहिले, आणि इकडे सगळा कारभार आडवा झाला. तेव्हापासून नियम : कंपनीच्या कामाला किंवा कार्यक्रमाला दोघे कधीही एका छताखाली असायचे नाहीत, दोघांना एका वेळी रजा नाही. वार्षिक जेवणालासुद्धा एका साली हे, एका साली त्या. अशी सहा वर्षं गेली. सुर्व्यांना बाईंचा खोकला ओळखू यायचा, चहा गार झालाय हे कप ठेवण्याच्या आवाजावरून कळायचं, पण चेहरा म्हणाल तर जेवणाच्या एका ग्रुप फोटोतला, तिसऱ्या रांगेतला, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धा लपलेला. तो त्यांनी मोबाइलवर एवढा मोठा करून पाहिला की शेवटी नुसते हिरवे आणि गव्हाळ चौकोन उरले. बाईंच्या व्हॉट्सॲपवर फ्लेमिंगोंचा थवा, आणि कॅमेरा सुरू करा म्हणायची यांची प्राज्ञा नाही.

तुम्ही म्हणाल, उम्म अल कुवैन म्हणजे काय सातासमुद्रापार आहे? मुळीच नाही. एका सुट्टीला सुर्वे गेलेही होते. कॅफेटेरियात पराठा खाल्ला, कडक चहा प्याले, खाडीपलीकडे उभे असलेले ते फ्लेमिंगो पाहिले आणि आल्या वाटेने परतले. सुट्टीच्या दिवशी एक कप चहा एकत्र पिऊ नये, असं नियमात नव्हतं. पण सुर्व्यांना निमित्त लागायचं. आणि नियम हाताशी असला म्हणजे माणसाला आपली भीड त्याच्या गळ्यात बांधता येते.

मग या ऑगस्टमध्ये बाईंनीच सांगितलं, "साहेब, मी चालली. आईला आता एकटं ठेवता येत नाही. व्हिसा कॅन्सल करून राहिली."

"कायमच्या?"

"मग काय अर्धी?"

योग असा की सिद्धांतने नुकतीच शुभ्रा नावाची मुलगी तयार करायला घेतली होती, बाईंच्या जागी बसायला. तो म्हणाला, "सुर्वे सर, शुक्रवारी शुभ्रा इथे बसेल. तुम्ही उम्म अल कुवैनला जाऊन हँडओव्हर घ्या. मॅडमची फ्लाइट संध्याकाळी आहे, दुपारपर्यंत खलास करा." नियम करणाऱ्यानेच नियम मोडून दिला! सुर्व्यांना पाहिजे होतं ते निमित्त, लेटरहेडवर मिळाल्यासारखं झालं. त्यांनी नवा शर्ट घेतला. नोमान गावाहून फणसपोळी घेऊन आला होता, ती त्याच्याकडून मागून घेतली. नोमानने विचारलं, "कुणासाठी?"

"आहे एक काम."

"कामं फणसपोळी खायला लागली? माशाल्ला."

शुक्रवारी नमाजाच्या वेळेला रस्ता मोकळा होता. उम्म अल कुवैनची पाटी दिसायला लागली आणि फोन वाजला. शुभ्रा होती. "सर, सर्व्हर रूमचा चिलर बंद पडलाय. टेंपरेचर वाढतंय. आणि डेटाबेस… सर, तो मेलापण नाहीये आणि उत्तरही देत नाहीये."

धंद्यात याहून वाईट अवस्था नाही. मेलं तर मेलं म्हणता येतं. अर्धवट जिवंत असलेलं यंत्र मालकी सोडत नाही, आणि दुसऱ्याने घेतली तर दोन मालक होतात. शुभ्राने सोडणं फक्त पाहिलं होतं, केलं नव्हतं.

सुर्व्यांनी पेट्रोल पंपावर गाडी घेतली आणि बाईंना फोन लावला. "कळलं?"

"दिसून राहिलं इथे."

"मी पाटीपाशी आहे, मॅडम. तुमच्याकडे दहा मिनिटांत पोचतो. शुभ्राला तिथूनच फोनवर सांगता येईल…"

त्या म्हणाल्या, "सांगता येईल. तिने भलतंच दाबलं तर?"

सुर्व्यांनी गाडी पुन्हा सुरू केली.

"साहेब, मी घ्यायला बसली आहे. सोडायला कोणीतरी पक्कं लागते ना तिकडे. पुढे या की मागे जा, पण मधात थांबू नका."

त्यांनी गाडी वळवली.

सर्व्हर रूममध्ये भट्टी पेटली होती. नवा शर्ट पाठीला चिकटला. सिद्धांत, शुभ्रा, नोमान, सगळे दाराशी उभे, फोन स्पीकरवर. सुर्व्यांनी एकेक आज्ञा टंकली, तपासली, आणि म्हणाले, "मी सोडलं."

"तुम्ही सोडलं. मी घेते."

"घ्या."

"मी घेतलं. आता माझ्याकडे."

नोमानने शुभ्राला कोपराने ढोसलं. शारजा-दुबईभरच्या औषधांच्या काउंटरांवर क्षणभर पडदा अडखळला असेल, एवढंच. कुणी फोन केला नाही. आपलं काम झाल्याचं कुणाला कळलंच नाही, हीच या धंद्यातली शाबासकी.

चिलर दुरुस्त होईस्तोवर दुपार कलली. सिद्धांतने फर्मान काढलं : बाई निघायच्या आत कारभार परत सुर्व्यांच्या हाती पाहिजे, आणि शुभ्राने आत्ताच्या आत्ता उम्म अल कुवैन गाठायचं. सुर्व्यांनी खुर्ची सोडायची नाही. परत उठलेल्या यंत्रापाशी माणूस बसून लागतो, हे त्यांनीच सिद्धांतला शिकवलेलं. शुभ्रा निघाली तेव्हा त्यांनी तिच्या हातात फणसपोळीची पिशवी दिली.

शुभ्रा पोचल्याचा मेसेज आला आणि मग बाईंचा फोन. या खेपेला स्पीकर बंद होता.

"मी सोडलं," बाई म्हणाल्या.

सुर्व्यांचं बोट बटणापाशीच घुटमळलं.

"साहेब, परत म्हणून दाखवा ना. गाडी आली माझी खाली."

"तुम्ही सोडलं." त्यांनी बटण दाबलं. "मी घेतलं."

"आता तुमच्याकडे." मग जरा थांबून, "एक विचारू? शुभ्रा सांगून राहिली, तुम्ही तिलाही ताई म्हणता, बँकेतल्या पोरीलाही ताई म्हणता. मला सहा वर्षांत एकदाही म्हटलं नाही."

"नाही म्हटलं."

"काहून?"

सुर्व्यांच्या तोंडातून निघालं ते एवढंच, "तुम्ही मॅडम होतात ना."

बाई हसल्या. हसू मध्येच कुठेतरी ओलं झालं. "बरं केलं नाही म्हटलं ते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

विमानतळ ऑफिसपासून काही लांब नव्हता. सुर्वे खुर्चीतच बसून राहिले. पडद्यावर शारजात पडलेलं प्रत्येक अक्षर उम्म अल कुवैनला बिनचूक उमटत होतं.

पुढच्या आठवड्यात शुभ्राशी बोलता बोलता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "डहाके मॅडम… दिसायला कशा आहेत?"

"उंच आहेत, सर," शुभ्रा म्हणाली आणि चपापली. "पण तुम्हाला माहीतच असेल ना?"

अजूनही अधूनमधून शुक्रवारी दुरुस्ती निघते. शुभ्रा 'रिलीज्ड' म्हणते, 'टेकन' म्हणते, काम चोख करते. नोमान मात्र सोडायला तयार नाही. त्याच्या लेखी वहिनी वर्ध्याला आहेत, आणि सुर्वे दिवाळीला जाणार आहेत, इन्शाल्ला.

गुणवंत सुर्वे आणि उर्मिला डहाके यांचं लग्न झालेलं नाही. ते दोघे एकदाही भेटलेले नाहीत.