कॅनीच्या लढाईचे साक्षीदार

"हे पाहिलं कोणी होतं?"

बाईंच्या हाती काहीही छापील दिलं की आधी हा प्रश्न यायचा, मग चष्मा डोळ्यांवर चढायचा. आमच्या वाचनालयाच्या अहवालात मी एकदा 'सभागृह तुडुंब भरले होते' असं लिहिलं. "मी होते की तिथं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या," असं म्हणून त्यांनी अहवाल परत केला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची जरा भीती वाटते, आणि चार दिवस आली नाहीत तर चुकल्यासारखंही वाटतं.

रत्नागिरीतल्या एका शाळेत त्यांनी इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर त्यांच्या मनानं एकच घेतलं होतं: कॅनीच्या लढाईवर मराठीत छोटंसं पुस्तक लिहायचं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इटलीतल्या एका मैदानात कार्थेजच्या लहान फौजेनं रोमच्या प्रचंड फौजेला चहूबाजूंनी घेरून कापून काढलं, ती ही लढाई.

"आपल्याकडे लढाया कमी पडल्या का, बाई?" मी विचारलं.

"वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, सगळे घेरले गेले तर बाहेर येऊन सांगितलं कोणी? मला उत्तर देता आलं नाही. ते राहून गेलंय."

मी ग्रंथपाल, त्यामुळे शोधाशोध माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौशीनं संगणकावर एक चित्रफीत लावली. लाल चौकोन, निळे चौकोन, दणदणीत संगीत. बाईंनी शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "छान आहे. पण याला सांगितलं कोणी?"

मग आम्ही मागे मागे जात राहिलो. लेखातून पुस्तकाकडे, पुस्तकातून तळटीपेकडे, तळटीपेतून मूळ ग्रंथाच्या जुन्या इंग्रजी भाषांतराकडे. अखेर हाती उरले दोन मोठे आधार. एक ग्रीक, लढाईनंतर दोनेक पिढ्यांनी लिहिणारा. दुसरा रोमन, त्याच्याही पुष्कळ नंतरचा. मेलेल्यांचा आकडा दोघांचा वेगळा. बाईंना त्याचा कोण आनंद! "दोघांचं जुळलं असतं तर मला संशय आला असता."

त्या मैदानाजवळ एकदा हाडांचे ढीग सापडले होते, लढाईतलेच म्हणून गाजले आणि पुढे ते मध्ययुगातल्या साध्या दफनभूमीतले निघाले. हे वाचून त्या खुदकन हसल्या. "हाडांचीसुद्धा उलटतपासणी घ्यायला हवी रे!"

एका ठिकाणी मात्र त्या अडायच्या. रोमन इतिहासकार सांगतो, दुसऱ्या दिवशी काही सैनिक जमिनीत खड्डा करून त्यात डोकं खुपसून मेलेले सापडले. "हे त्यानं ऐकीव लिहिलं असणार," बाई म्हणाल्या, "पण खोटं म्हणवत नाही." आणि तेच पान पुन्हा वाचायला घेतलं.

त्यांचे यजमान मालवाहू बोटीवर होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत वादळात बोट बुडाली. देह मिळाला नाही. कंपनीनं एक सांगितलं, वर्तमानपत्रानं दुसरं, नातेवाइकांनी तिसरंच. हे मला गावातल्या लोकांकडून कळलं होतं. बाई स्वतः कधी बोलल्या नाहीत.

एका दुपारी अंजनवेलचे एक म्हातारे खलाशी बाईंचा पत्ता शोधत वाचनालयात आले. बाई तिथंच होत्या. त्यांच्यासमोर बसत ते म्हणाले, "वहिनी, मी त्याच बोटीवर होतो. ह्या वयात आता सांगून टाकायला हवं." मी चहा मागवला. म्हातारे बोलू लागले. वारा कसा फिरला, पाणी कसं आत घुसलं. "दादाची पाळी होती तेव्हा. मशीनच्या खोलीत उभा होता. वर ये म्हणून हाक मारली मी."

बाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "मग? तुम्ही स्वतः पाहिलंत?"

म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "झोपेतच गेला तो, वहिनी. त्याला काय कळलं पण नाय."

मला वाटलं, आता बाई पकडणार. पाळीवर उभा असलेला माणूस झोपेत कसा जाईल? बाईंनी कप त्यांच्यापुढे सरकवला. "चहा घ्या. गार होतोय. बरं झालं आलात."

ते गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "कळलं ना तुला? मलाही कळलं. एवढ्या लांबून आले होते, त्यांचं मन मोडवलं नाही." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "खरं म्हणजे माझीच छाती झाली नाही."

त्यानंतर त्या लिहीत राहिल्या, पण मन थाऱ्यावर नव्हतं. बरेच महिने गेले. एक दिवस अचानक म्हणाल्या, "अंजनवेलला येतोस? आता विचारते."

जयगडहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून आम्ही गेलो. म्हातारे अंगणात बसले होते. त्यांच्या सुनेनं दारातच सांगितलं, "बाबांना आता काय आठवत नाय. आम्हालापण ओळखत नाय." तरी बाई त्यांच्याजवळ बसल्या. "कोण गो तू? जेवलीस?" त्यांनी विचारलं, आणि बहीण समजून बाईंचा हात धरून ठेवला. बाईंनी तो सोडवून घेतला नाही. विचारायचं ते ओठांवर आलंच नाही.

परतताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून त्या म्हणाल्या, "तो ग्रीक शहाणा. लढायांतून वाचलेली म्हातारी माणसं होती, तोवर जाऊन विचारून आला."

पुस्तकाचं आधारांवरचं प्रकरण त्यांनी पुरं केलं. इतकं नेटकं प्रकरण मी क्वचितच वाचलं असेल. लढाईच्या प्रकरणाची सुरुवात त्यांनी मला वाचून दाखवली. पहाट झाली आहे, रोमन सैनिक नदीवर पाणी पितायत, कुणी पट्टा आवळतोय, कुणी शेजाऱ्याची थट्टा करतोय.

"हे पाहिलं कोणी होतं, बाई?" मी गमतीनं म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. कागद उलटा ठेवून म्हणाल्या, "कोणीच नाही. पण इथंच थांबते. आजचा दिवस जगू दे त्यांना."

पुढे त्यांनी एक ओळही लिहिली नाही. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. शेजारीण सांगते, झोपेतच गेल्या, काही कळलं नाही. मी मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही.