कीरा म्हणजे सावळी

लेकीनं फोनवर बाळाचं नाव सांगितलं आणि माझा पाराच चढला. कीरा! जावई आयरिश वंशाचा. आडनाव त्याचं लागणार, नाताळ त्याच्या घरी होणार. निदान हाक मारायला तरी काही आमचं ठेवायचं!

"आई, खूप जुनं नाव आहे. आयर्लंडमध्ये ह्या नावाची एक साध्वी होऊन गेली," ती म्हणाली. "इकडेपण आता पॉप्युलर झालंय. आमच्या डेकेअरमध्ये ऑलरेडी एक कीरा आहे."

"मग दुसरी कशाला?"

"मीनिंग तर ऐक. काळ्या केसांची, सावळी."

काहीतरी निमित्त सांगून मी फोन ठेवला.

माझ्या माहेरच्या नावाचा अर्थही सावळीच होता. वडिलांनी हौसेनं ठेवलेलं. लग्नात सासूबाई म्हणाल्या, "आधीच काळी, त्यात नावही तसलंच," आणि तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं, उजळ नाव लिहिलं गेलं. बायका हसल्या. मीही हसले, नव्या नवरीनं दुसरं काय करायचं? अमेरिकेत आले तीही त्याच नावानं. माझ्या दवाखान्याच्या पाटीवर तेच, शेजाऱ्यांच्या तोंडी तेच. जुन्या नावानं हाक मारणारा एकटा भाऊ उरला होता. रविवारी त्याचा फोन यायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. मी भावासाठी रडले, आणि खरं सांगायचं तर त्या नावासाठीही रडले. आता ते कुणाच्याच तोंडी येणार नव्हतं.

बारसं मिशिगनमध्ये, नोव्हायला आमच्याच बेसमेंटमध्ये झालं. पाळणा ऑनलाइन मागवलेला, फुलांच्या माळा मी केलेल्या. जावयाकडचे सगळे पिंगट केसांचे, पण बाळाचं जावळ काळंभोर. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे जावयाची बहीण. तिच्या अंगावर लेकीची पैठणी सेफ्टी पिनांनी कशीबशी तग धरून होती. लेकीनं तिला सगळं शिकवलं होतं. कुर्र करून कानात नाव सांग, मग बायका पाठीत धपाटे घालतील, घाबरू नकोस. ती वाकली. "कुर्र... कीरा." काकूमंडळी धपाट्यांना सरसावली, तर तिनं हात वर केला. "वन मोअर," म्हणाली आणि पुन्हा वाकली. कानात सांगायचं असतं हे विसरून तिनं दुसरं नाव चांगलं मोठ्यानं घेतलं.

माझं माहेरचं नाव. उच्चार वाकडातिकडा, पण माझंच. मामाच्या फोनवर लेक लहानपणापासून ते ऐकत आली होती. मला वाटायचं, तिचं लक्षही नसतं.

"हे कुणाचं गं?" काकू एकमेकींना विचारत होत्या. लेक नुसती माझ्याकडे बघत होती. मी मागच्या खुर्चीवर बसले होते, आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "ओ."