सालपटांची पाई

पहिल्या पाईतली सालपटं कुत्र्यानंही हुंगून सोडली, तेव्हाच व्हर्लीन टगल हट्टाला पेटली. दुसरी तिनं स्वतः चावून बघितली. जुन्या जोड्याचा तळ चावल्यागत लागली.

आज तिसरी. आणि आजच ड्यूला अन् जोनेल, तिच्या कॉलेजापासूनच्या मैत्रिणी, ओसरी चढून थेट स्वयंपाकघरात शिरल्या.

अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियात, सप्टेंबर लागला की मस्कडाइन पिकतात. द्राक्षंच, पण काळी, गोटीएवढी अन् जाड कातडीची. लोक गर चोखतात, साल थुंकतात. व्हर्लीनची आई, मिस एटा, त्या सालपटांचीच पाई करायची. पोरी कॉलेजात असताना बसच्या ड्रायव्हरच्या हाती ती डबा धाडायची, अन् वसतिगृहाच्या जिन्यावर बसून तिघी बोटं चाटत तो फस्त करायच्या. मिस एटा गेली, तिच्यासंगं पाईही मातीत गेली. लेकीनं कृती कधी विचारलीच नव्हती.

आता ती चव ओळखणाऱ्या जिभा जगात तीनच. त्यातली जोनेल लेकाकडं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओरेगनला, कायमची निघाली होती. ती जायच्या आत पाई जमली नाही, तर ही तीच चव अशी तिघींची साक्ष पुन्हा कुठली मिळायची?

"मी गाडीत दुकानातली पेकानच्या दाण्यांची पाई आणून ठेवलीय," ड्यूला म्हणाली. "असू दे आपली."

"तुजी पेकान गाडीतच ऱ्हाऊ दे. ऊन खाऊ दे तिला. बस हितं, हात लाव."

तिघी बादलीभोवती बसल्या. द्राक्ष दाबलं की गर बुळकन् बाहेर. गर एका पातेल्यात, सालपटं दुसऱ्यात. गर शिजवून व्हर्लीननं गाळून घेतला, बिया कोंबड्यांना टाकल्या. मग सालपटांत पाणी ओतलं अन् साखरेची बरणी उचलली.

"आत्ताच घालतीस व्हय साखर?" जोनेलनं विचारलं.

"मग कवा घालू? तुज्या मयताला?"

"तसं न्हाई गं. सुट्टीत मी तुमच्या घरी आले हुते बग. तू मला आईपाशी टाकून त्या ट्रॅक्टरवाल्या पोरासंगं हुंदडाया गेलीस."

"लगीन केलं म्या त्याच्याशी. म्होरं बोल."

"पातेलं रटरटत हुतं. मिस एटा म्हनली, जा पोरी, शेजारनं साखर आन. मला वाटलं, सरली आसंल बिचारीची. पळत आनली, तर म्हनली, ठिव तितं, येवडी घाई कसली? आमी भुईमुगाच्या उकडल्या शेंगा खात बसलो. सालपटं पार लोण्यावानी मऊ झाली, तवा कुठं साखर पडली."

बरणी व्हर्लीनच्या हातातच राहिली. घेवड्यात काकवी आधी घातली तर घेवडा जन्मात शिजत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. गोडानं साल आवळते. मग द्राक्षाची साल काय वेगळी जन्माला आली होती?

"इतकी वर्षं हे पोटात ठेवून बसलीस?" ड्यूला जोनेलवर उखडली.

"मला कुनी इचारलं?"

व्हर्लीननं बरणी फळीवर ठेवली. आच बारीक केली अन् पातेल्यापुढं ठाण मांडलं. दर थोड्या वेळानं एक सालपट उचलून बोटांत चुरून बघायची. ड्यूला दोनदा म्हणाली, "झालं असेल गं." दोन्ही वेळा व्हर्लीननं तिला चमच्याचा धाक दाखवला. शेवटी साल बोटात विरघळली, तेव्हा साखर पडली, मग गर, मग लोणी. लाटलेल्या पोळीत सारण भरून, वर पट्ट्यांची जाळी विणून पाई ओव्हनमध्ये गेली.

पहिला घास जोनेलनं घेतला. सावकाश चावला. दोघी तिच्या जबड्याकडं बघत राहिल्या.

"जिन्यावरचीच," ती म्हणाली अन् आणखी वाढ म्हणून ताटली पुढं केली.

"मिस एटाची जरा आंबट असायची," ड्यूला तोंड भरून म्हणाली.

"तिसरा तुकडा खातीस नि खोड काढतीस व्हय गं?" व्हर्लीननं तिला फटकारलं.

"पर तिकडं ही द्राक्षं कुठली मिळायची?" जोनेल म्हणाली. "ही शेवटचीच समज माजी."

व्हर्लीन ताडकन उठली. मागच्या दारानं वेलाखाली गेली, बादली काठोकाठ भरून आणली अन् जोनेलच्या मांडीवर आदळली.

"सालपटं शिजवून गोठव, डबा संगं ने. पर आदी हितं माज्यासमोर एक पाई कर. साखरेची बरणी मी धरून बसते."