परतीची बोअर

आधी पालथा हात पाइपाला, मग डोळे गेजकडे. आनंदनगरच्या कारखान्यात बावीस वर्षं चिलर सांभाळताना जडलेली ही सवय कैलासने बदलापूर गावाच्या टोकाशी असलेल्या वृद्धाश्रमात आल्यावरही सोडली नाही. कारखान्यात गारवा राखायचा होता, इथे ऊब. चाळीस म्हाताऱ्या माणसांच्या आंघोळीचं पाणी त्याच्या भरवशावर तापत होतं.

कुणी विचारलं तर मशीनची हकिगत तो एका दमात सांगायचा. एका बोअरमधून जमिनीतलं पाणी वर येतं. हीटपंप त्यातली ऊब काढून टाकीतल्या पाण्याला देतो, आणि निवलेलं पाणी दुसऱ्या बोअरमधून पुन्हा जमिनीत जातं. पाणी आपण घेत नाही, त्याची फक्त ऊब घेतो, असं म्हणून तो परतीच्या बोअरच्या झाकणावर थाप मारायचा.

परतीचा शब्द त्याने विठाकाकीला दिला होता. कुंपणापलीकडे तिची भाजीची वाडी आणि पायऱ्यांची विहीर. चार वर्षांपूर्वी बोअर मारायची गाडी आली तेव्हा ही सत्तरीची बाई गाडीच्या चाकापुढे मांडी घालून बसली. संस्थेचे कार्यवाह श्रीपादराव, कारखान्यातून निवृत्त झालेले साहेब, परवानगीचे कागद दाखवू लागले. तिने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग कैलास तिच्यासमोर उकिडवा बसला.

"सोला पायऱ्या हायेत," ती म्हणाली. "भर वैशाखात पन नववी कवा उघडी पडली नाय. तुमची नली सगला पानी पिऊन टाकंल."

"नववी उघडी पडली तर मशीन मी माझ्या हाताने बंद करीन, काकी."

तिने त्याला निरखलं. "तू कुळगावच्या अंजनीचा ना?" त्याने मान हलवली. "मंग तुज्यावर सोडला," असं म्हणून ती गुडघ्यावर हात टेकत उठली. मशीन सुरू झालं त्या दिवशी ती धुवट लुगडं नेसून, ओटीचं ताट घेऊन आली. त्यानंतर चार वर्षं पाण्याने नववी पायरी सोडली नाही, आणि कैलासच्या घरी वाल-वांगी आपसूक पोचत राहिली.

यंदा होळीनंतर परतीच्या बोअरचा दाब चढू लागला. कैलासने गाळण्या धुतल्या, मशीनच्या प्लेटा उघडून घासल्या, बोअरमधून उलटं पाणी उपसून पाहिलं. दाब चार दिवस उतरे, पुन्हा चढे. एका सकाळी झाकणाच्या कडेने पाणी बाहेर उसळलं. श्रीपादरावांनी सांगितलं, तोड निघेपर्यंत पाणी नाल्यात सोडा. कैलासने नाल्याकडे जाणारा पाइप स्वतःच जोडला. दोन दिवसांचीच तर गोष्ट, असं त्याने मनाला समजावलं. त्याचे तीन आठवडे झाले.

मग विठाकाकी कुंपणाशी आली. तिने आवाज चढवला नाही.

"नववी उघडी पडली रं. मशीन बंद करनार व्हतास ना? का हात दुखतो?"

ती आली तशी गेली. कैलास पंपघरात शिरला आणि त्याने बटण खाली ओढलं.

श्रीपादराव वरून उतरले तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या शेगडीवर आंघोळीच्या पाण्याची पातेली चढवत होता. ते रागावले नाहीत. ते थकलेले दिसले. "कैलास, वर त्र्याण्णव वर्षांच्या मालिनीताई आहेत. किती बादल्या वाहणार तुम्ही?" कैलासने दोन दिवस मागितले. ते म्हणाले, दोनच. बोअर जितेशने मारली होती. त्यानेच काम कच्चं केलं, आता हे सगळं काढून गॅसचे गिझर लावायचे, असं त्यांचं मत पक्कं झालं होतं. पायपुसणीपासून पंपापर्यंत सगळं ते एकाच सुरात ठरवत.

जितेश दुसऱ्या दिवशी बोअरमध्ये सोडायचा कॅमेरा घेऊन हजर झाला. "भाऊ, पाइप माझा एक नंबर आहे. साहेबांना बोलव, त्यांच्यासमोर बघू," म्हणाला.

कॅमेरा खाली चालला. पडद्यावर पाइपाची भिंत सरकत होती, कुठे जोड नव्हता सुटलेला, कुठे चीर नव्हती. मग भोकाभोकांची जाळी आली, जिथून पाणी जमिनीत जिरतं. तिथे लाल गाळाचा थर होता, आणि थराच्या मधोमध जाळीला चिकटलेलं काहीतरी हिरवं. त्याला लाल काठ होता.

"कपडा वाटतो," जितेश म्हणाला.

कैलासला चार वर्षांपूर्वीचं ओटीचं ताट आठवलं. पाणी घरी परत चाललंय, रितं कसं पाठवू, असं विठाकाकी म्हणाली होती, आणि त्याने हातातला पाना टेकवून, चार बोल्ट काढून, झाकण तिच्यापुढे उघडलं होतं. नारळ तिने बाजूला ठेवला. तांदूळ आणि खण आत सोडले. आत काहीही जाता कामा नये हे त्या आवारात एकट्या कैलासला माहीत होतं, आणि तो हात जोडून उभा होता.

"खण आहे, साहेब," तो म्हणाला. "झाकण मी उघडलं होतं. जितेशचं काम चोख आहे."

श्रीपादराव पडद्याजवळ वाकले. मग त्यांनी एवढंच विचारलं, निघेल का.

निघायला अर्धा दिवस लागला. दोरीने खाली सोडलेला आकडा जाळीवरून दहादा घसरला. खण वर आला तेव्हा लाल गाळाने जड झाला होता. नायलॉनचा, म्हणून कुजला नव्हता. पुढे साहेबांनी वाढवून दिलेले दोन दिवस बोअर उलटी उपसली. आधी विटकरी पाणी आलं, मग पिवळं, मग निवळ. कैलासने नाल्याचा पाइप सोडवून गुंडाळला, परतीचा जोडला आणि मशीन सुरू केलं. दाब खाली होता. तरी त्याने पालथा हात लावून पाहिला. पाणी गार होतं, आणि जात होतं.

खण त्याने धुऊन पंपघरामागे वाळत घातला. काकीला सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तो दोरीवरून काढायला गेला तर ती कुंपणापलीकडे उभी होती.

"माजाच ना?"

त्याला खोटं बोलता आलं नाही. "पाणी त्यानं तुंबलं, काकी. पण झाकण मी उघडलं."

तिने हात पुढे केला. खणाची घडी करताना तिची बोटं काठाच्या विटलेल्या जागी थांबली.

"मला काय ठावं आत काय असतं," ती म्हणाली. "तुला ठावं व्हतं. सांगायचं नाय?"

"तुमचं मन मोडवेना."

"मन!" ती पुटपुटली. "हिर तीन आठवडे मोडली." मग तिने खण कमरेला खोचला आणि विहिरीकडे बघत विचारलं, नववी कधी बुडेल. कैलासने सांगितलं, लगेच नाही. वैशाख आहे, वेळ लागेल.

"दसऱ्याला वटी भरीन. झाकनावर ठेवीन, वरच. तू उघडू नको." चार पावलं जाऊन ती वळली. "मी सांगितला तरी उघडू नको."