सदाशिवरावांच्या पार्टीतला जावई

माझे भाऊजी सदाशिवराव यांचं उमरखेडला बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, खुर्च्या, नवरा-नवरीचा सोफा, सगळं भाड्याने मिळतं. या धंद्यामुळे त्यांनी जेवढे रुसलेले जावई पाहिले, तेवढे दुसऱ्या कुणी पाहिले नसतील. खुद्द त्यांच्याच लग्नात भाऊजींच्या थोरल्या बहिणीच्या, भागीरथाबाईच्या, नवऱ्याला सोफ्याऐवजी खुर्ची दिली गेली. तो उठून चालता झाला आणि पुढे कित्येक वर्षं त्या बाईला माहेर दिसलं नाही. तेव्हापासून जावई म्हटलं की भाऊजी उठून उभेच राहतात. देवाला ते एवढे भीत नाहीत.

लग्नसराई संपली की पावसाळाभर त्यांना काम नसतं. मलाच दुर्बुद्धी सुचली आणि मी त्यांना तलवारी-राक्षसांचा एक ऑनलाइन गेम दाखवला. राक्षस मारला की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते, एवढं कळलं आणि माणूस वाया गेला. दोन पावसाळ्यांत साठाव्या लेव्हलला पोचले. गोदामात गाद्यांना बुरशी आणि हे गृहस्थ राक्षस लोळवतायत!

गेल्या वर्षी त्यांच्या एकुलत्या मुलीचं, उर्वशीचं लग्न झालं. जावई अक्षय लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. गुणी पोरगा, पण सासऱ्यांसमोर तोंडाला कुलूप. ‘हो मामाजी’, ‘नाही मामाजी’, संपलं. बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून बिचाऱ्याने तोच गेम घेतला. भाऊजींना आभाळ ठेंगणं झालं. लगेच त्याला आपल्या पार्टीत ओढलं. पार्टी म्हणजे मिळून लढायचं आणि मिळालेला अनुभव वाटून घ्यायचा.

आता जावयाला कुणी काम सांगतं का? राक्षस दिसला की भाऊजी माइकवर ओरडत, “जवाईबापू, तुमी बसा! त्या दगडावर बसा. याच्याकडं मी पायतो!” अक्षय तलवार उपसेपर्यंत राक्षस आडवा झालेला असे. “हो मामाजी,” म्हणून पोरगा दगडावर बसून राही. रोज संध्याकाळी हा पाहुणचार.

गेमचा नियम मात्र वेगळाच होता. पार्टीतल्या दोघांत दहापेक्षा जास्त लेव्हलचं अंतर असलं, तर धाकट्याला अनुभवाचा कणही मिळत नाही. सासरे साठाव्या लेव्हलवर, जावई सातव्या. तो सातावरच रुतून बसला. पार्टीतले आम्ही बाकीचे सगळे पन्नासाव्या लेव्हलच्या पुढचे, म्हणून हा नियम आम्हाला कधी कळलाच नव्हता. भाऊजी एकदा मला हळूच म्हणाले, “काय रे रवी, जवाई डोक्यानं जरासा कमी हाय का? इतकं मारून राह्यलो त्याच्यासाठी, पण पोट्टं वाढूनच नाही राह्यलं!”

अधिक महिना लागला आणि एका संध्याकाळी स्क्रीनवर ओळ आली : ‘अक्षय पार्टी सोडून गेले.’

भाऊजी पांढरेफटक पडले. “रुसले! मीच त्याईले दगडावर बसवलं ना!” फोन लावला, तर तो कुणी उचलेना. धोंड्याचं वाण द्यायचंच होतं. सकाळी अनारसे, नवे कपडे आणि मी, असं सगळं त्यांनी धंद्याच्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोत घातलं आणि लोहाऱ्याकडे निघाले. रस्ताभर एकच घोकणं, “माही पोरगी माहेराले मुकते आता.” मला हसू येत होतं, ते मी अनारशांच्या डब्यामागे लपवलं.

दार उघडंच होतं. आत अक्षय आणि उर्वशी पलंगावर मोबाईल घेऊन बसले होते आणि उर्वशी ओरडत होती, “अहो, डावीकडं! मेले ना पुन्हा!” एका रानडुकराने जावयाला लोळवलं होतं.

“पोरी, थांबव ते!” भाऊजी दारातूनच किंचाळले. “जवाईबापूले डुक्कर मारून राह्यलं!”

“मारू द्या, बाबा. मरतीन तवाच शिकतीन ना! तुमी आतापावतर एक तरी डुक्कर मारू देलं का त्याईले?” असं म्हणून तिने बापाला तो दहा लेव्हलचा नियम समजावला.

अक्षय मान खाली घालून म्हणाला, “मामाजी, तुमाले वाईट वाटन म्हणून काल फोन नाही उचलला. पण मले बी लढायचं होतं. लेव्हल वाढवून, तुमच्या बाजूनं.”

भाऊजींनी खिशातून मोबाईल काढला. मग मला म्हणाले, “रवी, नवीन खातं कसं काढतेत?”

साठाव्या लेव्हलचा वीर पहिल्या लेव्हलवर, जावयाच्या पार्टीत आला. अंगात बंडी, हातात काठी. पण सवय जाते का? डुक्कर दिसताच “जवाईबापू, तुमी बसा!” म्हणत पुढे धावले आणि मेले. पुन्हा उठले, पुन्हा धावले, पुन्हा मेले. तिसऱ्यांदा धावले तेव्हा अक्षय खेकसला, “मामाजी, मांगं सरा! कितीदा सांगू? काही समजते का नाही तुमाले?”

अक्षयने जीभ चावली. भाऊजी मात्र मुकाट्याने मागे सरले. जावयाने डुक्कर पाडलं, आणि अनुभव दोघांनाही मिळाला.

परत येताना भाऊजींनी गाडी मलाच चालवायला दिली. दिग्रस मागे पडलं. मग एकदम म्हणाले, “पायलं का रे, जवाई कसा भडकला माह्यावर?”

“पायलं ना.”

“भडकला, पण उठून नाही गेला,” असं म्हणत त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले.