नाल्यापलीकडचा हातपंप

भामरागडला कसं जायचं, असं मागच्या पोस्टखाली दोघींनी विचारलं होतं. वाट सांगते. पण ही सहल मिरवावी अशी झाली नाही, तेही सांगायला हवं.

नसरीन आणि मी नागपूरला एका वर्गात होतो. ती गडचिरोलीची, वडिलांचं तिथे शिलाईचं दुकान. आता ती जिल्हा परिषदेसाठी गावोगावच्या हातपंपांच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पोचवते. पावसाळ्याआधीची शेवटची फेरी होती. "पुण्यात बसून जंगल जंगल करते, एकदा येऊन तर पाह्य," ती फोनवर म्हणाली. मी निघाले.

नागपूरहून गडचिरोलीला उमरेड, नागभीड, आरमोरी असा एसटीचा रस्ता, पाच तास धरा. नागभीडला गाडी थांबते तेव्हा आलुबोंडे खाऊन घ्या, गरम असतात. पुढे दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, नांगरून कोरडी पडलेली. शेजारच्या बाईंनी कुठं निघालात विचारलं.

"भामरागडले? आता? नाले भरले त तिकडंच राहून जासान."

मी हसले. 

दुसऱ्या दिवशी नसरीनच्या जीपमधून आलापल्ली. वाटेत नाक्यावर पोलिसांनी नावं लिहून घेतली. विश्रामगृहाची परवानगी आधीच काढा, ऐनवेळी खोली मिळत नाही. जेवायला भात, वरण, वांग्याची भाजी. मोबाइलला पुढे रेंज नाही, घरी तिथूनच कळवा.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. सडकेलगतच्या तीन गावांचं पाणी घेतलं. चौथं गाव आत, एक नाला ओलांडून. नाल्यावर पूल नाही, जीप घोटाभर पाण्यातून जाते. पंधराएक घरं आणि एक हातपंप.

नसरीननं पंपाचं तोंड ज्योतीनं भाजलं, बराच वेळ पाणी वाहू दिलं, मग निर्जंतुक बाटली भरून माझ्या हाती दिली आणि चिठ्ठी लिहायला वळली. बाटलीचं तोंड ओलं होतं. कुणाला पेला देताना कड पुसून देतो ना आपण, तशी मी ती ओढणीच्या टोकानं आतून-बाहेरून पुसली आणि बूच लावलं. बर्फाच्या डब्यात ठेवलीसुद्धा.

पंपाशी चिन्नी उभी होती. आश्रमशाळेत शिकलेली, म्हणून मराठी बोलणारी. कडेवर दीड वर्षाची मुलगी, आठवडाभर जुलाबानं सुकलेली. "पान्यानं होते का बाई? कवा कळन?"

"आठ दिवसांत," नसरीन म्हणाली. "तवरिक लहानीले उकळून पाज."

"लय सरपन लागते."

तिचा चेहरा पाहून मला राहवेना. तिला धीर यावा म्हणून मी म्हटलं, "आठच दिवस गं. त्यानंतर निरोप नाही आला, तर समज पाणी चांगलंच आहे."

सडकेवरच्या टपरीवर चहा घेताना नसरीन सहज सांगत होती, बाटलीच्या तोंडाला बोट लागलं तरी नमुना बाद. मी तर ती ओढणीनं आतूनसुद्धा पुसली होती. सांगावं की नाही? डब्यात सगळ्या बाटल्या सारख्याच दिसत होत्या. दोन घोट घेतले आणि सांगितलं.

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पंप साफ असन तरी खराब निंगन. त्याच्यावर लाल पट्टा मारतीन, अन् बाया नाल्याचं पानी पितीन. तुह्या ओढनीपायी."

ड्रायव्हर शामरावभाऊ आभाळाकडे बघत होते. "म्याडम, वरतं काळं दिसून राह्यलं. गेलो त वापसीचा भरोसा नाई."

"एक बाटली शिल्लक हाये. फिरवा भाऊ."

जीप परत आलेली पाहून पंपाभोवती बाया जमल्या. "काऊन आले? पानी खराब निंगलं का?" चिन्नीनं विचारलं. सगळ्यांसमोर मी ओढणी दाखवून सांगितलं. चिन्नीनं ते त्यांच्या बोलीत सांगितलं आणि हशा पिकला. एक म्हातारी काहीतरी बोलली. चिन्नी म्हणाली, "म्हंते, शयरातली बाई, अन् लुगडं गंदं."

बारा वाजता नवा नमुना भरला. नाल्याशी आलो तर लाल पाणी झाडांच्या बुंध्यांशी लागलं होतं. इथे थेंबही पडला नव्हता, वर कुठेतरी पाऊस कोसळला होता.

ती रात्र चिन्नीच्या ओसरीवर काढली. तिनं पेज दिली आणि तांब्याभर पाणी, त्याच पंपाचं, न उकळलेलं. सरपण लहानीपुरतंच होतं. मी प्यायले. मला काही झालं नाही, पण मी काही दीड वर्षाची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाला उतरला. गडचिरोलीला पोचेतो दिवेलागण झाली. बर्फाचं पाणी झालेलं, चोवीस तास उलटलेले. प्रयोगशाळेतल्या माणसानं वेळ पाहून मान हलवली. नियमच तसा आहे. चारही बाटल्या मोरीत ओतल्या.

सडकेवरची तीन गावं नसरीन पुढच्या आठवड्यात परत करून आली. चौथ्या गावाचा नाला तेव्हा परत भरलेला होता. अहवालात त्याच्यासमोरचा रकाना कोरा आहे.

मी गप्प बसले असते, तर चारही नमुने वेळेत पोचले असते, त्यातला एक खोटा. बोलले, तर एकही पोचला नाही. तरी परत बोललेच असते, असं वाटतं. त्याची टोचणी नाही. टोचतं ते दुसरंच, धीर द्यायला म्हणून सहज बोलले ते. आठ दिवस कधीच होऊन गेलेत. चिन्नीकडे निरोप गेला नसेल, तर माझ्या शब्दावर तिनं उकळणं थांबवलं असणार.

नसरीननं भामरागडच्या एसटीच्या कंडक्टरजवळ सांगून ठेवलं होतं, त्या गावचं कुणी बाजाराला आलं तर सांगा, रिपोर्ट आलाच नाही, उकळत राहा. मग रस्ताच बंद झाला. तुम्ही जाणार असाल तर दिवाळीनंतर जा.

मी दर सोमवारी तिला फोन करते.

"निरोप गेला का गं?"

"मले का मालूम," ती म्हणते. "पानी पडनं सुरूच हाये."